बरे होणे म्हणजे पुन्हा शिकणे

१

अपघातातून एखादा तरुण वाचला आणि दवाखान्यातून घरी आला की ‘बरा झाला’ असे आपण म्हणतो. पाय मोडलेल्याच्या बाबतीत हे बहुधा खरे असते. मेंदूला मार लागलेल्याच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे असते. त्याचा जीव वाचवण्याचे काम दवाखान्यात संपते आणि त्याला पुन्हा माणसांत आणण्याचे काम त्यानंतर सुरू होते. हे दुसरे काम कोणी करायचे, कसे करायचे, त्याला किती काळ लागतो, याची माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत फारशी पोचलेली नाही. ती देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु गेली दोन वर्षे माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन-येऊन, डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते इथे मांडतो आहे.

हा मुलगा ढोलकीवादक. पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवरचा. त्याचे नाव देत नाही, कारण त्याला अजून याच गावात उभे राहायचे आहे. त्याचे आजोबा गावकीत हलगी वाजवत. बोलावणे आले की जावे लागे, पायरीच्या खाली उभे राहावे लागे आणि हातावर पडेल ते दाणे घेऊन परतावे लागे. नातवाची ढोलकी मात्र त्याच्या स्वतःच्या मर्जीची होती. गायन पार्टीबरोबर तो जयंत्यांचे कार्यक्रम करी, लगीनसराईत ऑर्केस्ट्रात बसे आणि त्या बिदागीतून कॉलेजची फी भरी. सक्तीच्या वाजवण्यापासून स्वाभिमानाच्या वाजवण्यापर्यंतचे हे अंतर काटायला तीन पिढ्या लागल्या. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा हीच वाट पाडली गेली होती. पुढे आमच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातील वामनदादा कर्डकांनी ती गावोगाव नेली. हा मुलगा त्याच वाटेवरचा.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रमाई जयंतीचा कार्यक्रम करून तो रात्री मोटारसायकलवरून परतत होता. उसाचा हंगाम चालू होता. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडी थेट तिच्यावर गेली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. वय बावीस.

२

माणसाचा मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा, मऊ आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात राहिलेला असतो. धावती गाडी एकदम थांबते तेव्हा कवटी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन तिच्या आतल्या भिंतीवर आदळतो आणि पुन्हा मागे येतो. या हिसक्याने काही ठिकाणी तो खरचटतो, काही ठिकाणी त्यातले बारीक तंतू ताणून तुटतात. बाहेर जखम दिसेलच असे नाही. म्हणून ‘रक्त आले नाही, म्हणजे काही झाले नाही’ ही समजूत घातक आहे.

हा झाला पहिला मार. दुसरा मार त्यानंतरच्या तासांत बसतो. आत रक्त साकळते, मेंदूला सूज येते आणि कवटी हाडाची असल्यामुळे सुजेला जागा मिळत नाही. मेंदू आतल्या आत दाबला जातो. पहिला मार कोणालाच परत घेता येत नाही. दुसरा मात्र पुष्कळदा टाळता येतो आणि म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. आपल्याकडे अशा वेळी कांदा हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात, शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजतात. ते पाणी फुप्फुसात जाऊ शकते. मान न वाकवता, न वळवता त्याला जपून हलवावे, ओकारी आली तर मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर करावे, आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यात अडकवता येणार नाही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने केली आहे. बसून बोलणारा जखमी थोड्या वेळाने झोपाळू होऊ लागला, वारंवार ओकू लागला, किंवा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, तर घरी थांबणे म्हणजे त्याला मरू देणे आहे.

मार किती गंभीर आहे हे मोजण्यासाठी १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी एक साधे कोष्टक तयार केले. डोळे उघडतो का याला चारपैकी, बोलतो का याला पाचपैकी आणि हातपाय हलवतो का याला सहापैकी गुण. एकूण पंधरा, कमीत कमी तीन. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे मार गंभीर. आमच्या मुलाला सात गुण होते. डोक्याच्या डाव्या बाजूला साकळलेले रक्त त्याच रात्री शस्त्रक्रियेने काढले. तो वाचला तो यामुळेच. त्याबद्दल त्या डॉक्टरांचे ऋण मानले पाहिजे.

३

सिनेमात बेशुद्ध माणूस डोळे उघडतो आणि आईला हाक मारतो. प्रत्यक्षात जागे होणे दिवसांचे, कधी आठवड्यांचे काम असते. डोळे उघडतात पण नजर लागत नाही. मग माणूस चिडतो, नळ्या ओढतो, शिव्या देतो, घरच्यांना ओळखत नाही. सकाळची गोष्ट दुपारी आठवत नाही. हा काळ जितका लांबतो तितके पुढचे बरे होणे कठीण असते, असे डॉक्टर सांगतात.

हा मुलगा पाचव्या आठवड्यात घरी आला. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत, बोलण्यात चार-पाच शब्द. शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही डाव्याच बाजूला असते. भाषेची ही डावी बाजू पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरने १८६५ मध्ये दाखवून दिली. ही वाचा जाण्याची अवस्था म्हणजे वाचाघात. यात बुद्धी गेलेली नसते. मनात असते, ओठांवर येत नाही. पण पाहणारा त्याला वेडा समजतो.

हातपाय आणि वाचा यांचे नुकसान डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारे नुकसान त्याहून जड असते. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की रागावर लगाम राहत नाही, किंवा उलट माणूस कशातच मन घालत नाही, सांगितल्याशिवाय उठत नाही. थोड्याशा कामाने गळून जातो. उजेड आणि आवाज सहन होत नाहीत. हा गळाठा आळस नव्हे आणि तो राग मस्ती नव्हे. ही जखमी मेंदूची लक्षणे आहेत. वस्तीत मात्र ‘बाहेरचे काही लागले’ असे कोणी म्हणाले, एकाने देवऋषीचे नाव सुचवले. त्याच्या आईचे मनही क्षणभर डळमळले. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. घरी जाताना तिच्या हातात जो कागद दिला होता त्यावर गोळ्यांची नावे, पुढची तारीख आणि ‘फिजिओथेरपी’ हा एक इंग्रजी शब्द होता. पोरगा असा का वागतो आहे, हे तिला तिच्या भाषेत कोणीही सांगितले नव्हते. जिथे माहिती पोचत नाही तिथे देवऋषी पोचतो.

वडील मला एवढेच म्हणाले, ‘‘सर, पोरगं घरी आलं, पर त्याच्यातलं पोरगं अजून दवाखान्यातच हाय.’’

४

एका दुपारी मी बसलो असताना त्याला पाणी हवे होते. तो ‘पाणी’ म्हणू शकेना. हात हलवी, चिडे, रडे. धाकट्या बहिणीने तांब्या पुढे केला. थोड्या वेळाने पार्टीतला एक मित्र आला आणि सवयीने मांडीवर केरवा वाजवू लागला. तेव्हा ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हते तो मुलगा हळू आवाजात बोल म्हणू लागला, ‘धा गे ना ती, न क धि न.’ आठही मात्रा, एकही न चुकता. घरातल्यांना तो चमत्कार वाटला. मलाही त्या वेळी काही उमजले नाही. पुढे वाचल्यावर कळले की यात चमत्कार नाही.

बोलणे आणि गाणे हे मेंदूत एकाच खोलीत राहत नाहीत. वाक्य जुळवण्याचे काम मुख्यतः डावीकडे चालते. सूर आणि लय यांचा पसारा दोन्ही बाजूंना असतो. शिवाय शेकडो वेळा घोकलेले बोल, अंक, वारांची नावे ही साखळीसारखी आपोआप बाहेर पडतात. मॉस्कोचे संगीतकार विस्सारिओन शेबालिन यांना १९५३ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये मेंदूचा झटका आला. बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे, दोन्ही बिघडले. तरीही त्यांनी संगीतरचना थांबवली नाही आणि १९६२ मध्ये आपली पाचवी सिंफनी पुरी केली. त्यांच्यावर मानसशास्त्रज्ञ लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये लिहिलेला निबंध या विषयात पायाभूत मानला जातो.

या शोधाचा उपचारासाठी उपयोग झाला. १९७३ मध्ये बोस्टनमधील तज्ज्ञांनी वाचाघाताच्या रुग्णांना गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. ‘पाणी दे’ हे शब्द उंच-सखल अशा दोन स्वरांत लांबवून म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा. हळूहळू चाल कमी करायची आणि साध्या बोलण्यावर यायचे. पुढे १९९०च्या दशकात मायकेल थॉट या संशोधकाने अमेरिकेत दाखवले की अर्धांग झालेल्यांना ठराविक ठोक्यावर चालायला लावले तर पाऊल अधिक सारखे पडते. कानावर पडणारी लय आणि पायाची हालचाल यांचे मेंदूत जवळचे नाते आहे. हलगी वाजली की म्हाताऱ्याचाही पाय हलतो, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यामागचे कारण तेवढे आता कळले.

स्मरणशक्तीचेही असेच आहे. ‘काल काय जेवलास’ ही आठवण एका प्रकारची आणि सायकल कशी चालवायची ही हाताची आठवण दुसऱ्या प्रकारची. कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्ये एका रुग्णाविषयी लिहिले. १९५३ मधील शस्त्रक्रियेनंतर त्याला कोणतीही नवी गोष्ट आठवत नसे. आरशात पाहून आकृती गिरवण्याचा सराव मात्र त्याला दिला, तेव्हा रोज त्याचा हात सुधारत गेला. काल सराव केला होता हे त्याला आठवत नसे, तरी हाताला आठवत होते.

हे वाचताना माझ्या मनात एक गोष्ट घोळत राहिली. ज्यांची विद्या कागदावर उतरलेली नाही, हातांत आणि कानांत आहे, त्यांना अडाणी म्हणण्याची आपल्या समाजाला शतकानुशतकांची सवय आहे. ढोलकीची विद्या या मुलाला बापाच्या आणि आजोबांच्या हातून मिळाली होती. मेंदूतून अक्षरे पुसली गेली तेव्हा ती हाताची विद्या जागेवर राहिली आणि तिच्याच आधाराने त्याला बाकीचे परत मिळवता आले. तिला विद्या न म्हणणे हा अडाणीपणा कोणाचा, ते वाचकांनी ठरवावे.

५

आजारातून परतलेला गायक म्हटले की मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात. १९४७-४८च्या सुमारास ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला, गाणे बंद करावे लागले आणि देवासला काही वर्षे अंथरुणावर काढून ते १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत आले. गाणे निराळे होऊनच आले. परंतु तिथे फुप्फुस आजारी होते, गाण्याचा विचार करणारा मेंदू शाबूत होता. इथे विचार करणारा अवयवच जखमी. अशा तरुण कलावंताचे नीट नोंदले गेलेले उदाहरण म्हणून अमेरिकेतील गायिका मेलडी गार्डो हिचे सांगता येईल.

२००३च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया शहरात सायकलवरून जाताना एका मोटारीने तिला उडवले. तिने अजून विशी गाठली नव्हती. डोक्याला आणि मणक्याला मार, कमरेचे हाड मोडलेले. सुमारे वर्षभर ती अंथरुणावर होती. दात घासण्यासारख्या गोष्टी तिला पुन्हा शिकाव्या लागल्या. लक्षात राहत नव्हते, शब्द सापडत नव्हते, उजेड आणि आवाज सोसवत नव्हते. अपघातापूर्वी ती पियानो वाजवी हे कळल्यावर एका डॉक्टरने संगीताचा मार्ग सुचवला. पियानोपुढे बसता येईना, म्हणून ती पडल्या पडल्या गिटार शिकली. आधी नुसते गुणगुणणे, मग टेपवर गाऊन ठेवणे, कारण दुसऱ्या दिवशी स्वतःचेच गाणे आठवत नसे. या अंथरुणावरच्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका २००५ मध्ये निघाली आणि पुढे ती जगभर गाऊ लागली. पण काळा चष्मा आणि हातातली काठी घेऊन ती रंगमंचावर येई. ती ‘पूर्वीसारखी’ झाली नाही. जे उरले त्यातून तिने नवे उभे केले.

त्याच शहरातील पॅट मार्टिनो हे गिटारवादक. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे १९८० मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मागचे आयुष्य पुसले गेले. आपण वादक होतो हेही त्यांना सांगावे लागले. वडील घरात त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रिका लावत. त्या ऐकून ते आपलीच कला नव्याने शिकले आणि १९८७ मध्ये पुन्हा श्रोत्यांपुढे आले.

दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. औषधाने मेंदू तगला, पण माणूस परतला तो सरावाने. आमच्याकडे गोदावरीच्या कालव्याची एखादी चारी फुटली की पाणी थांबून राहत नाही. खोरे घेऊन रोज थोडी माती ओढली तर शेजारच्या वाटेने ते शेतापर्यंत नेता येते. मेंदूतही मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, पण त्याचे काही काम शेजारचे भाग उचलतात. त्यासाठी तीच हालचाल, तोच शब्द हजारदा करावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे ती मंदावते पण थांबत नाही, वर्षानुवर्षे चालू राहू शकते. म्हणून ‘आता काही व्हायचे नाही’ असे सहाव्या महिन्यात म्हणणे चूक आहे.

६

तर मग सराव कसा झाला?

फिजिओथेरपीचा दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर. मुलाला न्यायचे तर आई आणि वडील दोघांचाही रोज बुडतो, वर गाडीभाडे. पहिल्या महिन्यात ते आठवड्यातून तीनदा गेले, दुसऱ्या महिन्यात एकदा. मग त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनीच शहाणपणा केला. त्यांनी बहिणीला सगळे व्यायाम शिकवले आणि वहीत चित्रे काढून दिली. बहीण तेव्हा नववीत होती.

पुणतांब्यात गोदावरीकाठी चांगदेवाची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका बाजूला ठेवू. त्या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की इतक्या सिद्धी मिळवलेल्या माणसाला पत्राचा मायनाही सुचला नाही, त्याने कोरा कागद पाठवला आणि अखेर मुक्ताईसारख्या लहान मुलीपुढे तो शिकायला बसला. आमचा ढोलकीवालाही असाच कोरा कागद घेऊन बहिणीपुढे बसला. ती पाटीवर अक्षर काढी, तो डाव्या हाताने गिरवी. आमच्या घरात पहिल्यांदा पाटी आली ती माझ्यासाठी. माझ्या आईला त्या पाटीचे किती अप्रूप होते ते मला आठवते. म्हणून त्या दोघांना पाहताना घशात काही अडके.

त्या घरातून आणि डॉक्टरांकडून शिकलेल्या काही गोष्टी इतरांच्या उपयोगी पडतील. दिवसाचा क्रम रोज एकच ठेवावा. काम पंधरा-वीस मिनिटांचे, मग विश्रांती. एका वेळी एकानेच बोलावे, लहान वाक्ये बोलावीत आणि उत्तराला वेळ द्यावा. त्याचा शब्द आपणच घाईने पुरा करू नये. काय झाले, कोण आले, गोळी घेतली का, हे वहीत लिहावे आणि ती वही त्याच्याजवळ असू द्यावी. फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. दारू तर थेंबभरही नको. डोक्याला दुसऱ्यांदा मार लागू देऊ नये. चुकला तर हसू नये, चिडला तर वाद घालू नये.

वाजवण्याकडे घाईने गेलो नाही. पहिले चार महिने त्याला ढोलकीचा आवाजच सोसत नसे. वस्तीपुढून डीजे गेला की तो कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसे. ज्या आवाजावर त्याचे पोट होते तोच आवाज शत्रू झाला होता. आधी मांडीवर थाप, मग उशीवर, मग पोत्यावर, मग ढोलकीवर कापड टाकून. मित्रांच्या मोबाइलमध्ये जुन्या कार्यक्रमांची चित्रणे होती, ती बारीक आवाजात लावत. वडील अंगणात केरव्याच्या टाळ्या देत आणि तो त्यावर पाऊल टाकी. पार्टीतल्या मित्रांनी पाळ्या लावल्या, रोज एक जण दोन तास. प्रत्येक कार्यक्रमाच्या बिदागीतून त्याचा अर्धा वाटा ते वर्षभर काढत राहिले. त्यांच्यातला कोणीही श्रीमंत नाही.

७

हे सारे माणुसकीवर झाले. पण माणुसकीवर किती दिवस चालायचे? सरकारचे कर्तव्य काय, हेही पाहिले पाहिजे.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून फुल्यांचे नाव लागलेली ही योजना आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देते. ती नसती तर हे घर सावकाराच्या दारात गेले असते. परंतु तिचा भर दवाखान्यातील उपचारांवर आहे. नंतरची दोन वर्षे, गाडीभाडे, बुडालेला रोज, बोलणे शिकवणारा तज्ज्ञ, यांचा भार घरावरच पडतो. मुंबईला हाजीअलीजवळ १९५५ पासून पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे, वांद्र्याला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. पण पुणतांब्याहून तिथे आठवड्याला कोण जाणार?

शासकीय भाषेत अपंगाला आता ‘दिव्यांग’ म्हणतात. नाव मोठे झाले. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यांत हालचालीचे आहे, वाचा-भाषेचे आहे, पण ‘मेंदूला मार’ असा वेगळा प्रकार नाही. हात मोजला जातो, पाय मोजला जातो. गळाठा, विसर आणि आवाजाची भीती यांना मोजपट्टी लावायला तिथे कोणाला सवड नसते. आरोग्य, शिक्षण आणि रोजगार या बाबतींत पुनर्वसनाच्या सेवा सरकारने आणि स्थानिक संस्थांनी द्याव्यात, असे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते. ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हे शब्द त्याला जोडलेले आहेत आणि त्या शब्दांतूनच सगळे गळून जाते.

कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, महिना पाच हजार रुपयांची. पण ती ज्येष्ठांसाठी, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. अपंगांना वयात काही सवलत आहे, तरी बावीस वर्षांचा ढोलकीवाला त्यात कुठेच बसत नाही.

राहिली नुकसानभरपाई. इथे वाचकांनी एक निकाल लक्षात ठेवावा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदा मात्र पुरता बुडतो. हाच न्याय ढोलकीवाल्याला लावावा लागेल. प्रमाणपत्रावर उजव्या हाताचे नुकसान थोडके दिसले तरी ढोलकीवरून धावणारी बोटे गेली म्हणजे धंदा गेला. मात्र कमाई सिद्ध करायला कागद लागतो आणि आपल्या वादकांची बिदागी हातोहात, कागदाविना मिळते. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे असा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. घरचे लोक त्या सहा महिन्यांत दवाखान्यातच असतात. आमच्याकडूनही पाचवा महिना उलटत आला तेव्हा वकिलाकडे जाणे झाले. पार्टीच्या म्होरक्याने दोन वर्षांच्या सुपाऱ्यांची वही जपून ठेवली होती, तीच कामाला आली. दावा अजून चालू आहे.

म्हणून प्रत्येक गायन पार्टीने, बँडने, हलगी पथकाने कोणाला किती बिदागी दिली याची वही ठेवावी आणि सही घ्यावी. लिहिणे हे आपल्या हातात उशिरा आलेले हत्यार आहे, ते वापरले पाहिजे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार मिळावेत, घरी सोडताना मराठीतून समजावणारे पान द्यावे आणि अपघाताने अपंग झालेल्या तरुण कलावंताला वयाची अट लावू नये, या मागण्या संघटनांनी उचलाव्यात. त्यांत अवास्तव असे काही नाही.

८

आज तो मुलगा चोवीस वर्षांचा आहे. बोलतो, थांबत थांबत. पाय किंचित ओढतो. रात्रीचे कार्यक्रम करत नाही, स्टेजवरचे दिवे आणि स्पीकर अजून सोसत नाहीत. उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी धावत नाहीत. कधी कधी संतापतो आणि नंतर रडतो. दुपारी चार वाजता वस्तीवरची पाच-सहा पोरे त्याच्याकडे ढोलकी शिकायला येतात. वीस मिनिटे शिकवतो, मग आत जाऊन पडतो. मागच्या वेळचा धडा त्याला आठवत नाही. पोरांपैकी एक जण वही उघडून वाचून दाखवतो, ‘‘दादा, आपण दादऱ्यापर्यंत आलो होतो.’’ मग तो पुढे सुरू करतो.

याला बरे होणे म्हणायचे का? माझे उत्तर होय असे आहे. बरे होणे म्हणजे पूर्वीचे परत मिळणे नव्हे, पुन्हा शिकता येणे होय. आणि शिकणे हा जर हक्क असेल, त्या हक्कासाठी आपल्या आधीच्या पिढ्या झगडल्या असतील, तर दुसऱ्यांदा शिकणे हाही हक्कच आहे. पहिल्यांदा अक्षर शिकायला आपल्याला कोणी दयेने बसवले नव्हते. दुसऱ्यांदा शिकण्यासाठीही आपण दया मागू नये. शाळा मागितली तसे पुनर्वसन मागावे.